ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि नॉर्थॅम्प्टनचा मुलगा

क्रिकेटच्या निमित्तानें मेलबोर्नच्या विशाल क्रीडांगणाचें नांव मराठी घरांतील लहानथोरांच्या तोंडीं बसलेलें आहे. २०२० च्या डिसेंबरांत अजिंक्य रहाणे यानें तेथेंच शतक काढून भारताला कसोटी सामना जिंकून दिला होता. परंतु उन्हाळा सरला कीं त्या मैदानावरील यष्ट्या निघतात, दोन्ही टोकांना चार चार उंच खांब उभे राहतात, आणि मग जो खेळ सुरू होतो त्याची आपल्याकडे फारशी कोणास ओळख नाहीं. हा ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा फुटबॉल होय. हिवाळ्यांत क्रिकेटपटूंचें अंग आखडूं नये म्हणून एखादा फुटबॉलचा संघ काढावा, असें पत्र टॉम विल्स या क्रिकेटपटूनें १८५८ सालीं प्रसिद्ध केलें. आणि पुढच्याच वर्षीं या खेळाचे पहिले नियम मेलबोर्न येथें कागदावर उतरले.

एका बाजूला अठरा गडी, मैदान लंबवर्तुळ आणि चेंडूही लंबगोल. चेंडू हातानें फेंकण्यास बंदी आहे. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनें तो ठोसावयाचा, किंवा पायानें मारावयाचा. घेऊन पळावयाचें तर दर पंधरा मीटरांच्या आंत तो एकदां जमिनीवर आपटावा अथवा टेंकवावा लागतो. मधल्या दोन खांबांतून पायानें मारलेला चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चेंडू उंच उडाला कीं तो झेलण्यासाठीं गडी एकमेकांच्या खांद्यावर गुडघे रोवून झेंपावतात, तें दृश्य एकदां पाहिलेला मनुष्य विसरत नाहीं.

पश्चिम ऑस्ट्रेलियांत पर्थच्या उत्तरेस सुमारे पावणेपांचशें किलोमीटरांवर नॉर्थॅम्प्टन नांवाचें शेतकऱ्यांचें एक लहानसें गांव आहे. लोकवस्ती हजाराच्या आंतच. पॅट्रिक क्रिप्स याचा जन्म मार्च १९९५ मधला, आणि तो वाढला याच गांवांत. अशा गांवीं शनिवारचा सामना म्हणजे सबंध पंचक्रोशीची जत्राच असते. मुलगा चालूं लागला कीं त्याच्या हातीं चेंडू येतो, आणि थोरांच्या संघांत कोण कोण आहे हें त्याला पाढ्यांच्या आधीं पाठ होतें. जोश केनेडी हा नामांकित खेळाडू याच गांवचा. आणि पॅट्रिकचा चुलतभाऊ जेमी क्रिप्स हाही पुढें मोठ्या संघांतून खेळला.

गांवचा संघ ही पहिली पायरी. दुसरी पायरी राज्याच्या स्पर्धेंतील एखाद्या जुन्या संघाच्या कुमार शाखेची. पॅट्रिक ईस्ट फ्रीमँटल या संघाच्या कुमारांत खेळूं लागला. केनेडीही तेथूनच वर आलेला. याच वयांत अठरा वर्षांखालील राज्यसंघांची राष्ट्रीय स्पर्धा होते, आणि मोठ्या संघांचे पारखी लोक कडेला बसून टिपणें घेतात. धांवण्याची गति, उडीची उंची, दमसास, सर्व कांहीं घड्याळावर व फुटपट्टीवर मोजलें जातें. (पैलवान पारखतांना वस्ताद पट्टी लावीत नसत, परंतु त्यांच्या मागें पैसे गुंतविणारे लोकही नव्हते!)

तिसरी पायरी ही खरी अवघड, कारण ती चढणें मुलाच्या हातीं नसतें. १९८६ सालीं सुरू झालेल्या या पद्धतीस ड्राफ्ट म्हणतात. मोसम संपला कीं संघ क्रमाक्रमानें नवे खेळाडू निवडतात, आणि हा क्रम उलटा असतो: जो संघ तळाशीं राहिला त्याचा मान पहिला. धनाढ्य संघांनीं गुणी मुलें घाऊक गोळा करूं नयेत आणि दुबळ्यास वर येण्याची संधि मिळावी, हा त्यांतला हेतु. मुलाच्या पसंतीला मात्र येथें स्थान नाहीं. त्याचें नांव ज्यानें पुकारलें तो त्याचा संघ, मग तो घराजवळचा असो वा देशाच्या दुसऱ्या टोकाचा. आपल्याकडे सरकारी नोकरास बदलीचा हुकूम येतो तसाच हा हुकूम. फरक इतकाच कीं, तो अठराव्या वर्षीं येतो. स्पर्धेला या व्यवस्थेनें न्याय मिळतो यांत शंका नाहीं. मुलालाही मिळतो असें म्हणवत नाहीं.

२०१३ च्या ड्राफ्टमध्यें तेराव्या क्रमांकावर पॅट्रिकचें नांव पुकारलें गेलें तें मेलबोर्नच्या कार्लटन संघाकडून. पर्थपासून मेलबोर्न विमानमार्गानें सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर. गंमत अशी कीं, आठ वर्षांपूर्वीं केनेडीलाही कार्लटननेंच उचललें होतें, आणि २००७ सालीं ख्रिस जड या मोहऱ्याच्या मोबदल्यांत त्याला पश्चिमेच्या वेस्ट कोस्ट संघास देऊन टाकलें होतें.

पहिल्या मोसमांत पॅट्रिकच्या वांट्याला जेमतेम तीन सामने आले. दुसऱ्या मोसमांत मात्र, विसाव्या वर्षीं, तो आपल्या संघाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. देह १९५ सेंटिमीटरांचा. एवढ्या उंचीचा गडी बहुधा खांबांजवळ ठेवतात. हा खेळे मधल्या गर्दींत, जेथें दहाबारा जण चेंडूवर कोसळलेले असतात. तेथें पाय रोवून उभें राहावयाचें, अंगावर दोघेतिघे लोंबकळत असतां हात मोकळे ठेवावयाचे आणि मुठीनें चेंडू साथीदाराकडे सरकवावयाचा, हें त्याचें काम. या कामाला टाळ्या कमी पडतात, पण सामने त्यावरच फिरतात.

संघ मात्र दुबळाच होता. २०१५ मध्यें कार्लटन शेवटचा आला. २०१८ मध्यें बावीस सामन्यांतून दोनच जिंकून पुन्हां शेवटचा. त्याच वर्षीं वेस्ट कोस्टनें अजिंक्यपद पटकाविलें, आणि त्या विजयी संघांत नॉर्थॅम्प्टनचे दोघे होते, केनेडी व जेमी. तिसरा मेलबोर्नमध्यें पराभव मोजीत होता. पुढच्या वर्षीं त्याला सॅम डॉकर्टीसह संयुक्त कर्णधार नेमलें. करार संपल्यावर खेळाडूला दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी असते, आणि चांगल्या खेळाडूस मागणीही येते. परंतु २०२१ सालीं क्रिप्सनें कार्लटनशींच सहा वर्षांचा नवा करार केला.

२०२२ चा मोसम तर विलक्षणच. अखेरच्या साखळी सामन्यांत कार्लटन एका गुणानें हरला आणि बाद फेरी हुकली. आणि त्याच वर्षीं क्रिप्सला ब्राउनलो पदक मिळालें. १९२४ पासून चालत आलेलें हें पदक पंचांच्या मतांवर ठरतें. प्रत्येक साखळी सामन्यानंतर पंच तिघां खेळाडूंना तीन, दोन व एक मत देतात. क्रिप्सला तेव्हां २९ मतें पडलीं. २०२४ सालीं तें पदक त्यानें पुन्हां जिंकलें, तें ४५ मतांनीं. पूर्वीचा उच्चांक ३६ चा होता.

बाद फेरीचा सामना त्याच्या नशिबीं आला तो दहाव्या मोसमांत, २०२३ सालीं. कार्लटननें प्रथम सिडनीस व मग मेलबोर्नच्या संघास हरविलें, आणि अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर ब्रिस्बेनकडून सोळा गुणांनीं हार खाल्ली. कार्लटनचें शेवटचें अजिंक्यपद १९९५ च्या सप्टेंबरांतलें आहे. त्या वेळीं नॉर्थॅम्प्टनचा हा मुलगा सहा महिन्यांचा होता.