टायटॅनियमचं मूळ

नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत शिफ्ट सुटली की टपरीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जातो. पुढे कधीतरी दाढ पडते आणि प्रश्न येतो: कवळी, ब्रिज की इम्प्लांट?

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, दाताचं कृत्रिम मूळ. टायटॅनियमचा छोटा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. हाडाने तो घट्ट धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, मग वर कॅप. ब्रिजसारखे शेजारचे दात घासून लहान करावे लागत नाहीत.

शोध मात्र अपघातानं लागला. १९५२च्या सुमारास स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम निघेचना! १९६५ मध्ये पहिला रुग्ण.

तंबाखू आणि बेताल शुगर इम्प्लांटच्या मुळावर येतात. त्यामुळे खर्रा आधी सोडायचा, खर्चाचं नंतर.