संगीतयात्रेस निघणाऱ्या मंडळींसाठी

आमच्या दारव्ह्याच्या लोकांस ‘शकुंतला’ म्हटले की कण्वाश्रमाच्या आधी यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची अरुंद रुळांची आगगाडी आठवते. ती गाडी आता बंद पडली आहे. कालिदासाच्या शकुंतलेचा प्रवास मात्र पुष्कळ दूरवर झाला. सर विल्यम जोन्स यांनी १७८९ साली तिला इंग्रजीत नेले. तेथून ती जर्मनीत गेली आणि पुढे तिकडील संगीतकारांनी तिच्यावर ऑपेरे रचावयास घेतले. शूबर्टने १८२० साली हाती घेतलेला ऑपेरा अपुराच राहिला. वाइनगार्टनरचा १८८४ साली वायमार येथे रंगभूमीवर आला, व इटलीतील अल्फानोचा १९२१ साली बोलोन्या येथे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यास प्रथम झाले ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. म्हणजे वायमारच्या रसिकांनी शकुंतलेस गाताना ऐकले, त्याच्या चार वर्षे आधीच पुणेकरांनी ते ऐकले होते.

हे आठवण्याचे कारण असे की, केवळ ऑपेरा व अभिजात संगीत ऐकण्यासाठी परदेशी जाणाऱ्या सहलींची चौकशी आता आपल्या घरांतूनही होऊ लागली आहे. आमच्या परिचयाच्या दोन कुटुंबांत ही बोलणी चालू आहेत. अशा सहलीत पंधरा-वीस मंडळी एकत्र जातात. बरोबर एखादा जाणकार असतो. त्याने दुपारी त्या रात्रीच्या ऑपेऱ्याची कथा व संगीताचे मर्म सांगावे आणि रात्री सर्वांनी नाट्यगृहात जावे, असा क्रम असतो. खर्च थोडाथोडका नसतो. बहुधा तो निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून व्हावयाचा असतो. म्हणून चार गोष्टी लिहितो.

गाण्यासाठी प्रवास करणे आपणांस अगदीच नवे नाही. एके काळी नाटक कंपन्याच आपले पडदे, पेट्या घेऊन वऱ्हाडात येत आणि गाणे श्रोत्याच्या दारी येई. तरीही ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांचा ‘संयुक्त मानापमान’ झाला, त्याची आठवण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. तो प्रयोग ऐकणाऱ्या माणसाकडे लोक आदराने पाहत. पण त्या श्रोत्यांस ‘मानापमाना’ची पदे आधीच तोंडपाठ होती, हे विसरू नये. ऐकण्याची निम्मी तयारी घरीच झालेली होती.

तीच तयारी येथेही हवी. आपला श्रोता ऑपेऱ्यास गेला की एका गोष्टीने हिरमुसतो. त्यास वाटते, गायक आता स्वर विस्तारील, तान घेईल, समेवर येईल. आणि गायक तर रचनाकाराने लिहिले तितकेच गाऊन थांबतो. तेथील वैभव निराळ्या ठिकाणी आहे. चार पात्रे एकाच वेळी चार निरनिराळ्या भावना चार निरनिराळ्या चालींत गातात, खाली सत्तर-ऐंशी वाद्ये वाजत असतात, आणि ते सारे मिळून एक होते. शिवाय ध्वनिक्षेपकाची मदत न घेता हा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. ज्यांनी आपल्या जुन्या नटांचे खणखणीत आवाज वडीलधाऱ्यांच्या तोंडून वर्णन केलेले ऐकले आहेत, त्यांस याचे मोल सांगावयास नको.

पहिला ऑपेरा कोणता ऐकावा, असे कोणी विचारल्यास मी मोझार्टच्या ‘जादूच्या बासरी’चे नाव घेईन. व्हिएन्नात १७९१ साली प्रथम झालेल्या या नाटकात गाण्यांच्या मध्ये गद्य संवाद आहेत, त्यामुळे संगीत नाटकावर वाढलेल्या माणसास ते परके वाटत नाही. आणि दुसरा, फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराचा ‘सत्याग्रह’. तो १९८० साली रॉटरडॅम येथे प्रथम झाला. दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींचे चरित्र त्याचा विषय. परंतु गायक गातात ती भगवद्गीतेतील वचने, आणि तीही मूळ संस्कृतात! युरोप-अमेरिकेतील प्रेक्षकांस ज्याचे अक्षर कळत नाही, ते आपल्याकडील गीता पाठ असलेल्या आजीबाईंस कळावे, हा योग दुर्मीळ खरा. तो प्रयोग नेहमी होत नाही. ज्या सहलीत असेल, ती दोन पैसे महाग असली तरी घ्यावी.

आता काळाविषयी. आपल्याकडील कुटुंबे शाळांच्या सुटीमुळे एप्रिल-मे महिन्यांत निघतात. व्हिएन्नाचे सरकारी ऑपेरागृह सप्टेंबर ते जून चालते, तेव्हा ते त्या काळात मिळते. १८६९ साली उघडलेली ही वास्तू मार्च १९४५ च्या बाँबवर्षावात जळाली व १९५५ साली पुन्हा उभी राहिली. तेथे आसनासमोरच्या लहानशा पडद्यावर शब्दांचा अर्थ इंग्रजीतही उमटतो, आणि उभ्याने पाहणारांसाठी पुष्कळ स्वस्त तिकिटे असतात. गुडघे धड असलेल्या तरुणांनी ती जरूर घ्यावीत. उलटपक्षी व्हेरोनाच्या रोमन रंगमंडलातील प्रयोग आणि साल्झबुर्गचा मुख्य उत्सव उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास असतात. मे महिन्यात जाणारास नुसत्या दगडी पायऱ्या पाहून परतावे लागेल. व्हेरोनास रात्री उघड्यावर प्रयोग होतो व स्वस्त जागा त्या पायऱ्यांवरच असतात. बसावयास उशी घ्यावी.

व्हिएन्नाच्या रस्त्यांत पांढरे केसांचे टोप व मोझार्टच्या काळचे पोशाख घालून तिकिटे विकणारी माणसे भेटतात. ती तिकिटे प्रवाशांसाठी केलेल्या मैफलींची असतात, सरकारी ऑपेरागृहाची नव्हेत. सहलीच्या पत्रकात नुसते ‘व्हिएन्नातील संगीतसंध्या’ असे लिहिले असेल, तर कोणते गृह, कोणता प्रयोग, कोणती रांग, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे. जेवणाचेही विचारावे. प्रयोग सायंकाळी सातच्या सुमारास सुरू होतो व तीन-चार तास चालतो. उशिरा येणारास मध्यंतरापर्यंत बाहेर तिष्ठावे लागते. ‘साडेसातला गरम पोळ्या’ ही ज्या सहलीची मुख्य प्रतिज्ञा असेल, तिच्यात ऑपेऱ्याची गत काय होईल ते सांगणे नलगे.

एकत्र कुटुंबात खरी अडचण मात्र याहून वेगळी असते. पैसे दोघांपुरते, जावयाचे कोणी? वडीलकीच्या मानाने यजमान व त्यांचे कुटुंब जाते, मग त्यांस गाण्याची गोडी असो वा नसो. त्याच घरात गांधर्व महाविद्यालयाच्या विशारद परीक्षेपर्यंत गेलेली एखादी सून असते. लग्नानंतर तिचा तंबोरा माळ्यावर गेलेला असतो. माझ्या मते एक आसन तिचे असावे. सासूबाईंनी आपल्या बरोबर तिला न्यावे, यजमानांनी घरी राहून नातवंडे सांभाळावीत. आमच्या समवयस्क मंडळींस हे रुचणार नाही, हे मी जाणून आहे. पण देवळाची यात्रा वयाने घडते, गाण्याची कानाने.

ज्यांस परदेश शक्य नाही, त्यांनी मुंबईस चर्नी रोडजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस पाहावे. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १९९३ साली ते बंद पडले व दुरुस्तीनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. तेथील कार्यक्रमांची यादी पाहून मगच आगगाडीचे तिकीट काढावे.

राहता राहिला ‘वन्स मोअर’. आपल्या रंगभूमीचा हा लाडका शब्द. परंतु मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पुनर्गायनाची प्रथा कित्येक दशके बंद होती. २००७ साली हुआन दिएगो फ्लोरेस या पेरू देशाच्या गायकाने श्रोत्यांच्या आग्रहावरून एक गीत तेथे पुन्हा म्हटले, तर त्याची बातमी देशोदेशी छापून आली. आपल्या मंडळींनी तेथे टाळ्याच वाजवाव्यात, आणि त्याही गीत पुरे झाल्यावर.