न खणता खालचा गाळ कसा कळतो?

१० जुलै २०२४ ची सकाळ आठवते ना? सात वाजून गेले होते आणि हादरा बसला. भूकंपाचं केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५. आपल्या वाशिममध्येही काही ठिकाणी तो जाणवला. तेव्हापासून आम्हाला बैठकीत विचारलं जातं, की जमिनीच्या पोटातलं या शास्त्रज्ञांना कळतं तरी कसं?

हादऱ्याच्या काही लहरी पोटातून जातात, काही जमिनीच्या पाठीवरून. पाठीवरच्या लहरी असतात हे रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये गणिताने दाखवलं. त्या उशिरा पोचतात, पण खालचं बरंच सांगतात. आखूड लहर फक्त वरची माती हलवते, लांब लहर खोलवर पोचते. साधारण हिशेब असा, की लहर दहा मीटर लांब असेल तर पाचेक मीटर खोलीपर्यंतचं कळतं. आणि जमीन मऊ असेल तिथे लहर रेंगाळते. मऊ गाळात ती सेकंदाला शंभर-दोनशे मीटर जाते, आपल्या विहिरीच्या तळाला लागतो तशा काळ्या पाषाणात दोन हजार मीटरच्याही पुढे. भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवून घण मारला आणि ओळीने यंत्रं मांडली, की काळी माती कुठे संपते, मुरूम कुठे लागतो, याचा अंदाज येतो.

समुद्रात याचं मोल जास्त. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायला १९७४ मध्ये तेल सापडलं. तिथल्या फलाटांचे लोखंडी पाय समुद्राच्या तळात ठोकलेले असतात. असा फलाट उभारण्याआधी तळाचा गाळ किती घट्ट आहे हे कळावंच लागतं, नाहीतर वर काम करणाऱ्यांच्या जिवाशी खेळ. भोकं पाडून गाळाचे नमुने काढतात, पण दोन भोकांच्या मधलं काय? तिथे या लहरी कामी येतात. घट्टपणा सांगणारी आडवी थरथर पाण्यातून जात नाही, कारण पाण्याला स्वतःचा ताठपणाच नसतो. म्हणून यंत्रं जहाजावर ठेवून भागत नाही, ती थेट तळावर बसवतात. कधी समुद्राच्या लाटांनी तळ आपोआप थरथरतो, तेवढंही पुरतं.

आता आपल्या कामाचं. घट्टपणा सांगणाऱ्या या लहरींना पाण्याचा फारसा पत्ता लागत नाही. घण मारून, लहरी मोजून बोअरची जागा दाखवतो असं कोणी म्हणालं, तर गटाच्या कर्जातून त्याला पैसे देण्याआधी आम्ही तरी दहादा विचार करू. घराच्या पायासाठीही एवढं यंत्र नको. माणूसभर खड्डा खणा, मुरूम कितीवर लागतो ते मिस्त्रीला दाखवा, आणि मगच पायाची खोली ठरवा.