चिकित्सालयातील लसीकरण : सेवकाची इच्छा आणि चिकित्सकाचे कर्तव्य

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यालगत आमचे छोटे पंचकर्म चिकित्सालय आहे. काही वर्षांपूर्वी तेथे एका रुग्णास जलौकावचरण झाले. रक्त पिऊन सुटलेल्या जळवांच्या मुखावर हळद टाकून त्यांचे वमन करविण्याचे काम नेहमीप्रमाणे आमच्या मावशींनी केले. हातमोजे संपले होते आणि नवे मागविणे माझ्याकडून राहून गेले होते. मावशींच्या बोटाला त्याच सकाळी विळीने कापले होते. दुसऱ्या दिवशी रुग्णाने जुन्या तपासण्यांची फाईल आणून दाखविली. हिपॅटायटिस-बीचा, म्हणजे ‘ब’ प्रकारच्या काविळीचा, अहवाल पॉझिटिव्ह होता.

“डॉक्टर, मला काही होईल का हो?” एवढेच मावशींनी विचारले.

माझ्यापाशी उत्तर नव्हते. या काविळीची लस त्यांनी कधी घेतली होती काय, हे त्यांच्या अकरा वर्षांच्या सेवेत मी एकदाही विचारले नव्हते. त्याच दिवशी त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठविले. तेथे इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन आणि लसीची पहिली मात्रा देण्यात आली. सहा महिन्यांनी केलेली तपासणी निर्दोष आली. परंतु ते सहा महिने त्यांच्या घरात कसे गेले, हे मी जवळून पाहिले आहे. प्रस्तुत लेख त्या अनुभवातून लिहिला आहे. दोष माझा होता, हे आरंभीच नमूद करतो.

कर्तव्य कुणाचे?

‘आमच्याकडे इंजेक्शने नसतात, मग लसीकरणाचा आमच्याशी संबंध काय?’ असे आपले काही वैद्यबंधू विचारतात. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ पाहिले म्हणजे हा भ्रम दूर होतो. हे नियम रुग्णालयापासून दवाखान्यापर्यंत सर्वांना लागू आहेत आणि त्यांत चिकित्सापद्धतीचा भेद केलेला नाही. ज्याच्या ताब्यात संस्था आहे, त्याने असा कचरा हाताळणाऱ्या सर्व सेवकांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वात यांसह संबंधित रोगांविरुद्ध लस द्यावी, सेवेच्या आरंभी व नंतर वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्यतपासणी करावी, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. सिरावेध, जलौकावचरण, क्षारसूत्र यांपैकी काहीही जेथे होते, तेथे रक्ताने माखलेला कापूस निघतोच.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे जे चार पाद सांगितले, त्यांत परिचारक हा एक स्वतंत्र पाद आहे. त्याच्या ठायी दक्षता, शुचिता, रुग्णाविषयी अनुराग असावा, ही अपेक्षा आपण शिष्यांना शिकवितो. परंतु त्या पादाचे रक्षण कोणी करावयाचे, हे मात्र क्वचितच बोलतो. येथे आणखी एक व्यवहार ध्यानात घ्यावा. हिपॅटायटिस-बीची लस बालकांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात देशभर आली ती या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी. म्हणजे आज आपल्याकडे काम करणाऱ्या तिशी-चाळिशीतील बहुतेक सेवकांना ती बालपणी मिळालेली असण्याचा संभव फारच थोडा.

कायद्याने कर्तव्य मालकावर टाकले आहे. तथापि सेवकाचा हात धरून सुई टोचण्याचा अधिकार त्याने मालकास दिला, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. वादाचे मूळ येथेच आहे.

सक्तीचा पुण्यातील अनुभव

सक्तीने काय होते, हे पुणेकरांना निराळे सांगावयास नको. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या अधिकाराखाली सैनिक घरोघर शिरले, रोगी व संशयित उचलून नेले गेले, सामान जाळले गेले. लोकांनी आजारी माणसे दडविली. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करीत असता १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. सेवा करणाऱ्यास रोगाचा धोका असतो, याचे याहून मोठे उदाहरण पुण्यात नाही.

याच वर्षी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध करून १० जानेवारी रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. विश्रांतवाडीहून थोड्याच अंतरावर, येरवड्यास, आगाखान महाल आहे. १८९२ मध्ये तो बांधविणारे तिसरे आगाखान यांनी मुंबईत आपल्या अनुयायांसमक्ष ही लस घेतली, ती त्यांची भीती जावी म्हणून. पुढे १९४२ ते १९४४ या काळात त्याच महालात स्थानबद्ध राहिलेल्या महात्मा गांधींचा मात्र देवीच्या लसीस विरोध होता आणि १९१३ च्या आपल्या आरोग्यविषयक लेखनात त्यांनी तो उघड मांडला होता. लस घेणारा सुबुद्ध आणि न घेणारा अज्ञ, अशी सरळ विभागणी करता येत नाही, एवढे यावरून कळावे.

शंका घेणाऱ्यांना कारणही मिळाले होते. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे हाफकिन यांच्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. बाटली उघडताना तेथेच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष पुढे निघाला आणि हाफकिन यांच्यावरील ठपका १९०७ मध्ये दूर झाला. लस निर्दोष असली तरी देणाऱ्याची हयगय प्राण घेऊ शकते. म्हणून शंका विचारणाऱ्यावर रागावण्याचा अधिकार चिकित्सकास नाही. उत्तर देणे हे त्याचे काम आहे.

न्यायालयांनी आखलेली रेषा

कोविडकाळात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात आरोग्यसेवकांपासून लसीकरणास आरंभ झाला. ११ एप्रिलपासून कामाच्या ठिकाणी लसीकरणास परवानगी मिळाली, परंतु तेथे सुमारे १०० पात्र व इच्छुक व्यक्ती असाव्यात, अशी अट होती. चार माणसांचा दवाखाना किंवा सहा माणसांचे औषधी दुकान या योजनेत बसत नव्हते. सक्तीचा बोलबाला मात्र लहान दुकानदारापर्यंत पोहोचला. मेघालयात लस घेतल्याशिवाय दुकान उघडता येणार नाही, वाहन चालविता येणार नाही, असे आदेश निघाले. जून २०२१ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने उपजीविका हिरावून घेणारी ही सक्ती अमान्य केली. त्याच वेळी सर्व सेवकांनी लस घेतली आहे की नाही, याचा फलक दुकानावर लावण्यास सांगितले. म्हणजे दुकानदाराची निवड राखली आणि ग्राहकाचा जाणून घेण्याचा हक्कही राखला.

आपल्या शेजारी लोहगावचा वायुसेनेचा तळ आहे, म्हणून आणखी एक प्रकरण सांगतो. गुजरातेत जामनगर येथील वायुसेनेच्या एका कर्मचाऱ्याने लस नाकारली. आपण आयुर्वेदीय औषधे घेतो, असे त्याचे म्हणणे होते. सेवामुक्तीची नोटीस आल्यावर तो उच्च न्यायालयात गेला आणि त्यास अंतरिम दिलासा मिळाला. आयुर्वेदाचे नाव नकाराचे कारण म्हणून न्यायालयात उच्चारले गेले, याची नोंद आपण घेतली पाहिजे. या मुद्द्याकडे पुढे येतो.

अखेर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात निर्णय दिला. स्वतःच्या शरीरावरील अधिकार घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात येतो, कोणासही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही; मात्र समाजाच्या आरोग्यासाठी शासन वाजवी निर्बंध घालू शकते, आणि ते प्रमाणात असावेत, असे न्यायालयाने म्हटले. लस न घेतलेल्यापासून संक्रमणाचा धोका घेतलेल्यापेक्षा अधिक आहे, असा पुरावा समोर नसल्याने त्या वेळचे निर्बंध प्रमाणात नाहीत, असेही ठरले. हा निर्णय कोविडपुरता होता. त्यातील विचारपद्धती मात्र आपल्या उपयोगाची आहे.

लस कुणाचे रक्षण करते?

चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात, अग्निवेश गुरूंना मार्मिक प्रश्न करतो. माणसांच्या प्रकृती, आहार, बल, सात्म्य, वय ही सारी भिन्न असता एकाच वेळी एकाच व्याधीने अनेकांचा नाश कसा होतो? आत्रेयांचे उत्तर असे की, वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांस समान आहेत. प्रकृती व्यक्तीची, परंतु श्वास घ्यावयाचा वायू सर्वांचा. सुश्रुताचार्यांनीही अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकाच शय्येचा वा वस्त्राचा उपयोग यांमुळे काही रोग एकापासून दुसऱ्यास होतात, असे सांगितले आहे. वैयक्तिक आणि सामूहिक असे दोन्ही विचार आपल्या शास्त्रात आहेत. कोणता कोठे लावावा, हा विवेक आपला.

म्हणून प्रत्येक लसीस एकच न्याय लावू नये. धनुर्वात एकापासून दुसऱ्यास होत नाही. त्याची लस घेणाऱ्याचेच रक्षण करते आणि तेथे ‘इतरांसाठी घ्या’ असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. हिपॅटायटिस-बी हवेतून वा एकत्र जेवल्याने पसरत नाही, तो रक्तातून जातो. त्याचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस टिकू शकतो. तेव्हा ती लस प्रथम सेवकाचे रक्षण करते आणि रक्ताशी संबंध येणाऱ्या कामात रुग्णाचेही. इन्फ्लुएन्झा व कोविड श्वासातून पसरतात. त्यांच्या लसी गंभीर आजार टाळण्यास साहाय्य करतात, परंतु संक्रमण पूर्णतः थांबवीत नाहीत. जी लस इतरांचे जितके रक्षण करते, तितकाच समूहाचा आग्रह न्याय्य. त्यापलीकडे केवळ सल्ला द्यावा.

नकाराची खरी कारणे

मावशींच्या प्रसंगानंतर मी सर्व सेवकांना लस देण्याचे ठरविले. अभ्यंग करणाऱ्या एका सेवकाने साफ नकार दिला. मी रसायनापासून यकृतापर्यंत सर्व समजावून सांगितले, तो मान हलवीत राहिला. शेवटी एकांतात कळले की, कोविडच्या लसीनंतर त्याच्या भावास तीन दिवस ताप आला होता आणि तीन दिवसांची मजुरी बुडाली होती. त्याचा विरोध लसीस नव्हताच. ‘ताप आला तर पगारी रजा मिळेल’ एवढे एक वाक्य पुरले.

दुसरा नकार आमच्या साहाय्यक वैद्यांचा होता, आणि तो विचारपूर्वक होता. त्यांनी आजही ही लस घेतलेली नाही. त्यांच्याशी मी वाद घातला, परंतु त्यांचे वेतन वा मान कमी केला नाही. सिरावेध व जलौकावचरण मात्र त्यांच्याकडून काढून घेतले. स्वतःच्या शरीराचा निर्णय त्यांचा, चिकित्सालयात कोणते काम कोणी करावे हा निर्णय माझा. त्यांना हे रुचले नाही. तरी अन्याय झाला, असे ते म्हणत नाहीत.

येथे औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती आहे. गुळवेल, आमलकी, च्यवनप्राश ही रसायने बल देतात, हा आपला विश्वास व अनुभव आहे. परंतु ‘हे घेतले की लसीची गरज नाही’ असे गिऱ्हाइकास वा नोकरास सांगण्यास आपल्यापाशी आधार नाही. व्याधिक्षमत्वाची संकल्पना व्यापक आहे. तिला एका विशिष्ट विषाणूविरुद्धच्या लसीचा पर्याय म्हणून उभे करणे, हा त्या संकल्पनेचाच अवमान होय.

व्यवहारात काय करावे?

सेवेत घेतानाच लसीकरणाविषयी विचारावे, पण एकांतात. नोंद गोपनीय ठेवावी. हिपॅटायटिस-बीच्या तीन मात्रा पहिल्या दिवशी, एक महिन्याने व सहा महिन्यांनी घेतात. त्यांचा खर्च मालकाने करावा आणि त्यासाठी रजेचे वेतन कापू नये. शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी, कारण काहींमध्ये पुरेसा प्रतिसाद निर्माण होत नाही. नकार आल्यास त्याचे कारण ऐकावे, रक्ताशी संबंध नसलेले काम द्यावे आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारावे.

ही लस हिपॅटायटिस-सी वा एचआयव्हीपासून रक्षण करीत नाही. म्हणून हातमोजे आणि सुया-ब्लेडसाठी न भोसकणारा पांढरा डबा यांना पर्याय नाही. सुई लागली वा जखमेस रक्त लागले, तर जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. लस न घेतलेल्यास हिपॅटायटिस-बीचे इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांच्या आत मिळावे. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध जितके लवकर तितके चांगले आणि ७२ तासांच्या आतच सुरू व्हावे लागते.

लहान दवाखान्यांना हे एकट्याने जड जाते. परंतु प्रौढांसाठी या लसीची दहा मात्रांची कुपीही मिळते. विश्रांतवाडी, धानोरी, कळस, टिंगरेनगर येथील चार-पाच वैद्यांनी व दुकानदारांनी आपली माणसे एकत्र करून जवळच्या रुग्णालयात एक दिवस ठरवून घेतला, तर खर्चही वाटला जाईल आणि सेवकांची भीतीही. त्या रांगेत पहिला हात मात्र मालकाचा असावा.

मावशी आजही आमच्याकडे आहेत. नवीन मुलगी कामावर आली की, मी विचारण्यापूर्वी त्याच विचारतात, “तुझी काविळीची सुई झाली का गं?” आणि ती नाही म्हणाली, तर तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहतात.