कार्डावरची गोष्ट

संगणकाची आज्ञावली लिहिणारा पुण्यांत बसतो. ती वापरणारा केळीचा बागाईतदार जळगांव जिल्ह्यांत, रावेरास. गांठभेट नसल्यानें मागितलें एक व मिळालें दुसरेंच, अशी गत होते.

यावर अमेरिकेतील केंट बेक यांनीं १९९० नंतरच्या दशकांत युक्ति काढिली : गरज वापरणाऱ्याच्याच शब्दांत लहानशा कार्डावर लिहावी. हीच ‘यूजर स्टोरी’. तींत कोणास, काय व कशासाठीं हें यावें.

समजा, कार्डावर आहे : ‘बागाईतदार या नात्यानें मला केळीचा भाव पहाटेस कळावा, म्हणजे मजूर येण्यापूर्वीं कापणीचें ठरवितां येईल.’ नुसतें ‘भाव दाखवा’ लिहिलें असतें, तर तो दुपारीं दिसूनहि काम पुरें ठरलें असतें. घड मात्र तोंवर कापले जाऊन पडेल भावानें गेले असते.

हेतु कळला कीं आज्ञावलीकार व तपासनीस एकत्र बसून विचारतात : पहाट म्हणजे किती वाजतां? शेतांत रेंज नसेल तर? या उत्तरांवरूनच शेवटीं काम तपासावयाचें. रॉन जेफ्रीज यांनीं २००१ मध्यें सांगितलेलीं तीन अंगें हींच : कार्ड, संभाषण व खातरजमा. कार्ड हें करारपत्र नव्हे, बोलण्याचें निमंत्रण होय.

धुळें जिल्ह्यांत पांझरेकाठच्या फड बागाईतींतहि पीक आधीं एकविचारानें ठरे. पाटकरी पाणी त्यानंतर सोडी.