तारांकडून तबलीकडे : गिटारचा आवाज घडतो कुठे?

गेल्या लेखात आपण तारांचा विचार केला. आज लाकडाकडे वळू. गिटार घेणारा बहुतेक वेळा आधी पाठीच्या लाकडाची चौकशी करतो. पाठ शिसवीची (म्हणजे रोझवुडची) म्हटली की किंमत चढते आणि आवाजाबद्दल खात्रीही वाटू लागते. माझ्या मते हा मान चुकीच्या ठिकाणी जातो आहे. छेडलेली तार घोडीला हलवते, घोडी तिच्याखालच्या पातळ तबलीला, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीला, आणि तबली हवेला. आवाजाचा मोठा भाग तिथेच ठरतो. ती तबली किती तासायची, तिला आतून कुठे आधार द्यायचा, हे कारागिराचा हात ठरवतो.

आजच्या क्लासिकल गिटारला घाट दिला तो आंतोनिओ दे तोरेस (1817–1892) या अल्मेरियाच्या माणसाने. तो मूळचा सुतार. तबलीखाली पंख्यासारख्या पसरलेल्या काड्या चिकटवण्याची रीत त्याच्या आधीही स्पेनमध्ये होती, तेव्हा तिचा शोध त्याच्या नावावर घालू नये. त्याने गिटारचे अंग मोठे केले, तबली पातळ आणि किंचित घुमटाकार ठेवली, आणि बहुधा सात काड्यांची ती रचना इतकी नेमकी बसवली की पुढच्या कारागिरांनी तीच उचलली. गिटारवादक फ्रान्सिस्को तार्रेगाने आपले वादन घडवले ते तोरेसच्या 1864च्या गिटारवर. आणि 1862 साली याच तोरेसने एक गिटार अशी केली की तिची तबली स्प्रूसची, पण पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या! बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात ती आजही आहे. त्याच्या 1856च्या गाजलेल्या ‘ला लिओना’ गिटारची पाठसुद्धा सायप्रसची आहे, म्हणजे त्या काळच्या स्पेनमधल्या स्वस्त लाकडाची.

कोणी म्हणेल, कागदाची ती गिटार आज वाजण्याच्या स्थितीत नाही, मग आवाज पाठ नव्हे, तबली ठरवते, असा निष्कर्ष तिच्यावरून कसा काढायचा? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेली चाचणी मला मोलाची वाटते. एकाच कारागिराने सहा गिटारी केल्या. आराखडा एकच, फक्त पाठीचे आणि कडांचे लाकूड वेगळे: ब्राझीलच्या महागड्या रोझवुडपासून साध्या सापेलीपर्यंत. मंद उजेडात, डोळ्यांवर काळे गॉगल चढवून, 52 वादकांनी त्या वाजवल्या आणि सगळ्यांना जवळपास सारखेच गुण दिले. या गिटारी पोलादी तारांच्या होत्या, त्यामुळे नायलॉनच्या तारांबद्दल हा अखेरचा निवाडा नव्हे. पाठीचा परिणाम शून्य असतो, असेही मी म्हणत नाही. पण अनुभवी वादकाला शिसवीचा आवाज ‘ऐकू येतो’ तेव्हा त्यात डोळ्यांचा आणि किमतीचा वाटा किती, हे विचारायलाच हवे. मग तोरेसने स्वतः कित्येक गिटारींना रोझवुड का वापरले? ते लाकूड देखणे आहे, टिकाऊ आहे, आणि गिऱ्हाईक त्याला जास्त पैसे मोजते. एवढी कारणे पुरेशी आहेत.

या समजाची किंमत जंगल मोजते. ब्राझीलच्या रोझवुडचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1992 पासून जवळजवळ बंद आहे. मग जगभरच्या कारागिरांचा भार आला भारतीय शिसवीवर. आपल्या सह्याद्रीतही वाढणारे हे झाड वाढायला फार वेळ घेते, आणि आज त्याची गणना संकटग्रस्त प्रजातींमध्ये होते. तेव्हा दुकानात गेलात तर आधी डोळे मिटून गिटार ऐका, आणि मग पाठीच्या लाकडाआधी तबली कोणी तासली ते विचारा.