स्वकथित आहारनोंदीतील मापनदोष : एक विवेचन

प्रस्तावना

आहार व रोग यांचा परस्परसंबंध अभ्यासताना, व्यक्तीने काय व किती खाल्ले ही माहिती बहुधा तिच्याच तोंडून मिळवावी लागते. चोवीस तासांचे आहारस्मरण आणि नेहमीच्या खाण्याविषयीची वारंवारता प्रश्नावली ही त्याची दोन प्रमुख साधने होत. ती कितपत विश्वसनीय आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पडताळणी

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९९-२००० मध्ये मेरीलँड राज्यातील ४० ते ६९ वयोगटाच्या ४८४ स्त्रीपुरुषांवर ‘ओपन’ हा अभ्यास केला. ड्युटेरियम व ऑक्सिजन-१८ युक्त पाणी पाजून, ही समस्थानिके शरीराबाहेर पडण्याच्या वेगांतील फरकावरून ऊर्जाव्यय काढण्यात आला. वजन स्थिर असल्यास व्यय आणि सेवन समान मानता येतात. प्रथिनांसाठी लघवीतील नायट्रोजन मोजण्यात आला. या दोन्ही मापनांचा स्मरणशक्तीशी काहीही संबंध नाही.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुरुषांनी ऊर्जासेवन आहारस्मरणात १२ ते १४ टक्के, तर प्रश्नावलीत ३१ ते ३६ टक्के कमी सांगितले. स्त्रियांबाबत हे प्रमाण अनुक्रमे १६ ते २० आणि ३४ ते ३८ टक्के होते.

दोषाचे स्वरूप व परिणाम

मापनदोष दोन प्रकारचे असतात. रोजच्या खाण्यातील चढउतारांमुळे येणारा यादृच्छिक दोष अनेक दिवसांच्या नोंदींनी कमी होतो. पद्धतशीर दोष मात्र नमुना कितीही वाढविला तरी कायम राहतो. शिवाय अधिक वजनाच्या व्यक्ती सेवन अधिक प्रमाणात कमी सांगतात. म्हणजेच ज्या घटकाचा शोध घ्यावयाचा, त्याच्याशीच दोष निगडित असतो. ‘ओपन’च्या विश्लेषणानुसार, ऊर्जा किंवा एकूण प्रथिनांबाबत सापेक्ष जोखीम प्रत्यक्षात २ असली तरी प्रश्नावलीतून ती १.१ किंवा त्याहूनही कमी दिसेल. प्रथिनांचे ऊर्जेशी समायोजन केल्यास ती सुमारे १.३ दिसते. थोडक्यात, खरा संबंधही नजरेतून निसटू शकतो.

समारोप

आपल्याकडे एकाच पातेल्यातील भाजी घरातील सर्वजण वाटून घेतात. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचे तेल सांगणे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही कठीण जाते. म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करताना नोंदी एकाहून अधिक दिवशी घेण्याचा आग्रह धरावा. तसेच ‘संबंध नाही’ असे न लिहिता ‘या साधनाने संबंध आढळला नाही’ असे लिहावयास शिकवावे. या दोन विधानांतील अंतर ओळखणे, हीच संशोधनाची पहिली शिस्त होय.